वाग्नरच्या 'रिंग'ची (चार भागांच्या जर्मन ऑपेराची) नवी मांडणी पाहण्याआधी नॉर्स (उत्तर युरोपातल्या) पुराणकथा वाचाव्यात का?

नका वाचू, उलट घोटाळा होईल. नॉर्स कथेत देवांचा राजा ओडिन एक डोळा देतो तो ज्ञानाच्या विहिरीपायी; वाग्नरचा वोटान, म्हणजे तोच देव, म्हणतो, बायको मिळवायला मी डोळा पणाला लावला. तारुण्य टिकवणारी सफरचंदं तिकडे इडुन देवीकडे, इथे फ्राया देवीकडे. वाग्नरची संहिता वाचा. जर्मनीत बायरॉइटला, वाग्नरच्या स्वतःच्या नाट्यगृहात, जाणार असाल तर नक्कीच, तिथे पडद्यावर भाषांतर दाखवत नाहीत.

मी तिथे २०२३मध्ये व्हॅलेंटिन श्वार्त्सने बसवलेलं 'राइनगोल्ड', म्हणजे 'रिंग'चा पहिला भाग, पाहिलं. अडीच तास, मध्यंतर नाही, लाकडी खुर्च्या, रांगांमधून बाहेर पडायला वाट नाही. (उशी हवीच.) शेवटाकडे राक्षस फ्रायाला सोडायला तयार होतात, पण ती पूर्ण झाकली जाईल एवढं सोनं रचलं तरच. रचून होतं, तरी एका फटीतून तिचा डोळा दिसत राहतो. ती फट बुजवायला अंगठी द्यावी लागते, जिच्यावरून 'रिंग' हे नाव. (हे मात्र जुन्या कथेतलंच: तिथे मेलेल्या पाणमांजराच्या मिशीचा एक केस उघडा राहतो.) श्वार्त्सकडे अंगठीच नाही, तिच्या जागी एक पळवून आणलेला मुलगा! गाणारे अंगठीवरून भांडतायत आणि माझ्या तोंडून चक्क मराठीत निघून गेलं, "अहो, पण अंगठी कुठाय?" शेजारच्या आजींनी "प्स्स्ट" केलं.

बायकोने हे दुसऱ्याच दिवशी तिच्या मामांना फोन करून सांगितलं. कारण असं की पूर्वी पुण्यात आमच्या सोसायटीच्या गणपतीत मी 'सौभद्र' बसवलं होतं, आजच्या वेषात. अर्जुन संन्यासी होऊन आला तो हुडी घालून, हातात तीन घड्यांची छत्री. पहिल्या रांगेतून मामा ओरडले, "दंड कुठाय?" हशा पिकला, सुभद्रा पद विसरली आणि पुढच्या वर्षी समितीने ऑर्केस्ट्रा ठेवला. तेव्हापासून घरात एक लग्न असं गेलं नाही की मामांनी तो दंड काढला नाही.

आता मामा म्हणतात, "बघ, शेवटी माझंच वाक्य म्हणालास ना?" अजिबात नाही. माझ्या अर्जुनाच्या हातात काहीतरी होतं. संन्याशाचा त्रिदंड तीन काठ्यांचा, छत्रीच्या तीन घड्या, हिशेब लागतो. मुलाने फट बुजत नाही. १९७६मध्ये, 'रिंग'च्या शताब्दीला, फ्रेंच दिग्दर्शक पात्रीस शेरोने तिथेच राइन नदीच्या जागी धरण उभं केलं. लोकांनी हुर्यो केली, शिट्ट्या आणल्या, आणि १९८०च्या शेवटच्या प्रयोगाला टाळ्या थांबेनात. पण शेरोने अंगठी ठेवली होती! नवेपणाला माझी हरकत कधीच नव्हती, हे मामांना कोणीतरी सांगा.

हो, एक राहिलं. श्वार्त्सच्या चार भागांपैकी मी हा एकच पाहिला. तोच मुलगा पुढे मोठा होऊन हागेन, म्हणजे शेवटच्या भागातला खलनायक, होतो म्हणे, म्हणजे चारही पाहिले तर धागा लागत असेल. शिवाय तुम्ही बघणार ती मांडणी वेगळीच असेल. चारही मिळून पंधराएक तास आहेत, पहिल्यांदाच जात असाल तर नुसतं 'वाल्क्यूर', म्हणजे दुसरा भाग, पाहा.

छत्री अजून आहे माझ्याकडे. एक काडी मोडलीये, पण उघडते.