वाचकांचे प्रश्न : जिवाणूचे नाव का बदलले?

प्रश्न : ‘व्हिब्रिओ फिशेरी’ या उजेड देणाऱ्या सागरी जिवाणूला आता ‘अ‍ॅलिव्हिब्रिओ फिशेरी’ का म्हणतात?

उत्तर : हवाईच्या किनाऱ्यावरील इवल्याशा माकुळाच्या पोटाखाली राहून निळसर उजेड पाडणारा हा जिवाणू व त्याच्या तीन भाऊबंद जाती, रायबोसोमच्या (पेशीत प्रथिने बनवणाऱ्या कणाच्या) आरएनएचे आणि अन्य काही जनुकांचे क्रम ताडून पाहिल्यावर, उरलेल्या व्हिब्रिओंपासून वेगळ्या ठरल्या; म्हणून २००७ मध्ये त्यांची स्वतंत्र प्रजाती (जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत ‘जीनस’) करण्यात आली. ‘व्हिब्रिओ’ हे नाव मात्र कॉलऱ्याच्या जिवाणूकडेच राहिले, कारण तोच त्या प्रजातीचा नमुना, म्हणजे प्रजातीचे नाव जिच्याशी बांधलेले असते ती जात, मानलेला आहे. लॅटिनमध्ये ‘अ‍ॅलिअस’ म्हणजे दुसरा, म्हणून नव्या प्रजातीचे नाव ‘अ‍ॅलिव्हिब्रिओ’, म्हणजे ‘दुसरा व्हिब्रिओ’. ‘फिशेरी’ हे जातिनाम नियमानुसार कायम राहिले, हे मला विशेष मोलाचे वाटते, कारण त्यामुळे जुन्या नोंदींचा माग सुटत नाही.