पगडीचं दुसरं टोक

प्रश्न : ताई, सत श्री अकाल. माझं माहेर महालातलं, मराठी. सासर शीख. मिस्टरांचं वाडीला ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. मुलगा चौदा वर्षांचा, नववीत. महिनाभरापासून त्याचा एकच धोशा चालू आहे, मला केस कापायचे आहेत. सासऱ्यांच्या कानावर गेलं तेव्हापासून ते रात्रीचं जेवत नाहीत. मिस्टर म्हणतात, कापलेस तर माझ्यासोबत गुरुद्वाऱ्यात यायचं नाही. मला सगळ्यांचंच थोडं थोडं पटतं. आणि काही बोलायला गेलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘तुम्हाला काय कळणार त्यातलं?’ मी काय करू? (एक आई, नागपूर)

ताई, तुमचं पत्र वाचलं आणि मला बसवेना. उठून अंगणात जाऊन आले. १९७३ साली हे पत्र माझ्या आईनं लिहिलं असतं.

माझे वडील १९४८ मध्ये रावळपिंडीकडून नागपूरला आले आणि कामठी रोडला त्यांनी ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं. सहा मीटरची पगडी ते रोज सकाळी बांधायचे. बांधण्याआधी तिची पूणी करावी लागते. दोघांनी दोन टोकं धरायची, कापड ताणायचं, लांबीत दुमडायचं, एक झटका द्यायचा, पुन्हा दुमडायचं. एकटा माणूस असेल तर एक टोक दाराच्या कडीला बांधतो. आमच्याकडे दुसरं टोक माझा धाकटा भाऊ धरायचा, सहा-सात वर्षांचा होता तेव्हापासून. वडील ओसरीत, भाऊ पेरूच्या झाडापाशी. मे महिन्यात कापडावर आधी पाणी शिंपडायचं, म्हणजे दुकानात पोहोचेपर्यंत तरी डोकं थंड राहायचं.

सोळाव्या वर्षी भाऊ बर्डीवर गेला आणि केस कापून आला. कारण त्यानं सांगितलं नाही, पण मला ठाऊक होतं. दुपारी वर्गात कुणीतरी घड्याळाकडे बघून ‘बारा वाजले’ म्हणायचं आणि अख्खा वर्ग हसायचा. एक मास्तरही हसायचे, आणि त्याला मास्तरांचं हसणं जास्त लागायचं. घरी रडारड झाली. आईनं कापलेले केस मागितले. ते न्हाव्याच्या केरात गेले होते. आईच्या मनातून ते शेवटपर्यंत गेलं नाही. वडील एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पगडीचं कापड घेऊन ओसरीत आले आणि नुसते उभे राहिले. टोक कडीला बांधलं नाही. आम्ही सगळे आतून बघत होतो. बऱ्याच वेळानं भाऊ बाहेर आला, पेरूपाशी गेला आणि त्यानं टोक धरलं. पुढे वडील असेपर्यंत, म्हणजे १९ वर्षं, तो गावात असेल त्या सकाळी ते टोक त्याच्याच हातात असायचं.

त्यानं केस परत ठेवले नाहीत. हे मुद्दाम सांगते, कारण अशी गोष्ट सांगताना शेवटी मुलगा परत वळलाच असं सांगायचा मोह होतो. आज तो अडुसष्ट वर्षांचा आहे. दर रविवारी गुरुद्वाऱ्याच्या जोडाघरात बसतो, आलेल्या माणसांच्या चपला घेतो, धूळ पुसतो, टोकन देतो. ‘तू कसला शीख?’ असं त्याच्या तोंडावर म्हणणारी माणसं त्याला भेटली आहेत. त्या रविवारी तो घरी येऊन गप्प बसतो.

आता तुमच्या लेकाचं. मला काय वाटतं ते झाकून ठेवणार नाही. त्यानं केस ठेवावेत असंच मला वाटतं. १६७५ मध्ये दिल्लीच्या चांदनी चौकात गुरू तेगबहादुरजींचं शिर उतरवलं गेलं. आमच्यात सांगतात की त्या गर्दीत शीख होते, पण भीतीनं कुणी ओळख दिली नाही. पुढे १६९९ च्या वैशाखीला आनंदपूर साहिबला त्यांच्या मुलानं, गुरू गोबिंदसिंगजींनी, खालसा, म्हणजे अमृत घेतलेल्या शिखांचा पंथ, उभा केला आणि अशी ओळख दिली की शेकडोंच्या गर्दीतही शीख लपता कामा नये. रात्री-अपरात्री स्टेशनवर एकट्या सापडलेल्या बाईनं पगडी बघून मदतीला हाक मारावी, इतका त्या ओळखीवर भरवसा असावा. माझ्या वडिलांना अशा हाका आलेल्या मी पाहिल्या आहेत. या गोष्टीचा मला अभिमान आहे आणि तो मी मोठ्यानं सांगते.

पण भीतीपायी लपू नये म्हणून जे दिलं, तेच घरात भीती घालून राखायचं? तुमच्या मिस्टरांना माझा निरोप द्या, गुरुद्वाऱ्याचं दार बंद करायचा हक्क बापालाही नाही. अमृतसरच्या हरिमंदिर साहिबला चार दिशांना चार दारं आहेत. आणि सासऱ्यांना माझं नाव घेऊन सांगा, ‘दारजी, आज जेवा. नातू ताटाकडे बघतोय आणि त्याला वाटतंय की आपल्या केसांचं वजन आजोबांच्या पोटावर पडलंय.’

मुलाशी मात्र तुम्हीच बोला, आणि केसांपासून सुरुवात करू नका. शाळेत कोण काय म्हणतं ते विचारा. चिडवत असतील तर उद्याच शाळेत जा आणि मुख्याध्यापकांसमोर बसा. आमच्या घरून तेव्हा कुणी गेलं नाही. माझ्या आईवडिलांच्या हातून झालेली तेवढी एक चूक मी आजही विसरत नाही. चिडवणं नसेल, तर आणखी एक शक्यता आहे आणि ती मोठ्यांच्या लक्षात येत नाही. चौदाव्या वर्षी ओठावर लव फुटते, पण डोक्यावर अजून लहान पोरांचा पटका असतो. अंबाड्यावर बांधलेला तो फडका त्याला नकोसा झाला असेल. असा नकोसा झालेला पटका घेऊन माझ्याकडे आलेली दोन-तीन पोरं तरी मला आठवतात. त्यांना केस जड झाले नव्हते, लहान दिसणं जड झालं होतं. त्याला पगडी शिकू द्या. फुल वॉइलचं कापड, रंग त्याच्या पसंतीचा, अगदी काळा म्हणाला तरी चालेल. शिकवायला बापाला बसवू नका, विशीतला एखादा चुलतभाऊ बघा. टोक दातांत धरून पहिला पेच घेताना मान कशी ठेवायची, कपाळावर लड, म्हणजे पगडीची घडी, बसत नसेल तर काय करायचं, हे त्या वयाचा मुलगाच नीट दाखवतो. दहा-पंधरा दिवस ती वाकडीच बसेल. महिनाभर शिकून, बांधून, आरशात बघून तो पुन्हा कापायचेच म्हणाला, तर त्याचं ऐकावं लागेल. तेव्हा निदान आपण काय सोडतोय ते त्याच्या हातांना माहीत असेल.

आणि ‘तुम्हाला काय कळणार’ याबद्दल. चौदा वर्षं दर रविवारी त्याचे केस कुणी धुतले? ओले केस मांडीवर घेऊन कंगव्यानं गुंता कुणी सोडवला? शाळेची रिक्षा दारात उभी असताना अंबाडा कुणी बांधला? त्या घरात तुमच्याएवढं या केसांमधलं कुणालाच कळत नाही. पगडी शिकायला लागला की सकाळी दुसरं टोक तुम्ही धरा.

प्रश्न : आपण लेखात नेहमी ‘आम्ही शीख’ असं लिहिता. शीख हे हिंदू समाजाचंच अंग आहेत, राज्यघटनाही तसंच म्हणते. मग हे वेगळेपण कशासाठी? (एक ज्येष्ठ वाचक, धंतोली)

काका, तुमच्या पत्रात राग नाही, आपलेपणा आहे, म्हणून मीही मोकळेपणानं लिहिते. घटनेच्या २५ व्या कलमात दोन स्पष्टीकरणं आहेत. पहिल्यात म्हटलंय की कृपाण धारण करणं हा शीख धर्माच्या आचरणाचा भाग आहे. म्हणजे ‘शीख धर्म’ हे शब्द घटनेतच आहेत. दुसऱ्यात हिंदू या शब्दात शीख, जैन आणि बौद्ध धरले आहेत, पण ते हिंदू धर्मस्थळं सर्वांना खुली करण्याच्या उपकलमापुरतं. आता बौद्धही त्यात आहेत हे तुम्ही नागपूरकर म्हणून एकदा मनाशी घोळवा. १९५६ पासून आपल्या शहरात लाखो माणसं आपल्या धर्माचं नाव स्वतः सांगायला येतात. दसऱ्याला दीक्षाभूमीवर रांगेत उभ्या असलेल्या आजीला ‘तुम्ही आमच्यातल्याच’ असं आपण म्हणतो का? बाबासाहेब १९३६ च्या एप्रिलमध्ये अमृतसरच्या शीख परिषदेला गेले होते. शीख धर्माचा त्यांनी तेव्हा फार गंभीरपणे विचार केला होता. एका धर्माची शाखा बदलायची म्हणून कुणी एवढ्या लांब जात नाही.

जवळीक मला नाकारायची नाही, नाकारताही येणार नाही. गुरू ग्रंथसाहिबच्या १४३० पानांत आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. देवळातून हाताला धरून उठवलं, शिंप्याच्या जातीत मला का जन्माला घातलंस, हे नामदेवांचं दुखणं आम्ही कीर्तनात ऐकतो, आणि ग्रंथसाहिबपुढे माथा टेकतो तेव्हा त्या शब्दांपुढेही टेकतो. सोबत कबीर आहेत, रविदास आहेत, शेख फरीद आहेत. शाळेत ३१ वर्षं मी मराठी शिकवली. नामदेवांचा अभंग फळ्यावर लिहिताना मला प्रत्येक वेळी दोन्ही घरांची लेक असल्यासारखं वाटायचं. २०१५ चं साहित्य संमेलन पंजाबात घुमानला झालं तेव्हा मी गेले होते. तिथे नामदेवांना ‘बाबा नामदेव’ म्हणतात. त्या आवारात मराठी कानावर पडली आणि मला रडू आवरलं नाही.

काका, शेजारच्या घराची आणि आमच्या घराची भिंत एकच आहे. त्यांच्या महालक्ष्म्यांना मी पुरण वाटायला जाते. दारावर नाव मात्र ज्याचं त्याचं. आमच्या दारावरचं नाव आम्हीच लिहिलेलं बरं.

प्रश्न : ताई, मी नागपुरात जन्मलो, इंजिनिअरिंगला आहे. पगडी बांधतो, पण गुरमुखी वाचता येत नाही, आणि रागावलो की तोंडातून मराठीच निघते. पंजाबातून शिकायला आलेली मुलं म्हणतात, तू डुप्लिकेट सरदार. वाईट वाटतं. (एक विद्यार्थी, हिंगणा रोड)

बाळा, त्यांना पंज प्यारे, म्हणजे खालशाचे पहिले पाच शीख, कुठले कुठले होते ते विचार. भाई दयासिंग लाहोरचे. धरमसिंग हस्तिनापूरचे, हिम्मतसिंग जगन्नाथपुरीचे, मोहकमसिंग द्वारकेचे आणि साहिबसिंग बिदरचे, म्हणजे आपल्या मराठवाड्याला लागून. पाचांत पंजाबचे एकटेच. स्वतः दशमेश पिता, म्हणजे गुरू गोबिंदसिंगजी, जन्मले पाटण्याला, आणि १७०८ मध्ये त्यांनी देह ठेवला तो नांदेडला. ग्रंथसाहिबला गुरुपद दिलं तेही आपल्या गोदावरीच्या काठी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सव्वादोन लाखांच्या आसपास शीख होते. त्यात नांदेडची पिढ्यान् पिढ्यांची दखनी घरं आहेत, खेड्यापाड्यांत लोखंडाचं काम करणारे शिकलकरी आहेत. त्यातल्या कितीतरी जणांची पोरं तुझ्यासारखीच मराठीत भांडतात. त्यांना डुप्लिकेट म्हणणाऱ्यानं एकदा नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याला जाऊन पाहावं.

गुरमुखीचं मात्र मी तुला सोडणार नाही. मूळ अक्षरं ३५, म्हणूनच तिला पैंती म्हणतात. तुला देवनागरी येते, त्यामुळे निम्मी ओळखीची वाटतील, आणि काही फसवतील, कारण दिसतात आपल्यासारखी आणि उच्चार निराळा. मला आजीनं उन्हाळ्याच्या सुट्टीत पाटीवर शिकवली, रोज पाच अक्षरं. तू कॅन्टीनमध्ये चहा निवेपर्यंत तेवढी गिरवू शकतोस. तोवर जपजी साहिबचा, म्हणजे आपल्या सकाळच्या प्रार्थनेचा, देवनागरीतला गुटका (छोटी पोथी) वापर, त्यात कमीपणा नाही. पण त्याच्या ३८ पौड्या, म्हणजे कडवी, मूळ अक्षरांत पहिल्यांदा वाचशील त्या दिवशी मला पत्र टाक. त्या मुलांना दाखवायला नव्हे, मला आनंद होईल म्हणून.

प्रश्न : गुरुनानक जयंतीला मैत्रिणीनं लंगरला बोलावलं आहे. आम्ही मराठी, पहिल्यांदाच जाणार. काय न्यावं, काय पाळावं? (एक गृहिणी, मानेवाडा)

कार्तिक पौर्णिमा आहे, गर्दी असेल. डोकं झाकायला ओढणी किंवा पदर चालतो, मुलांना मोठा रुमाल द्या. चपला जोडाघरात, पाय धुऊन आत. माथा टेकून जागा मिळेल तिथे खाली बसायचं, ग्रंथसाहिबकडे पाय करायचे नाहीत. कडाह प्रसाद दोन्ही हातांची ओंजळ करून घ्या. त्यात कणीक, तूप, साखर समप्रमाणात असते, मधुमेह असेल तर ‘थोडा’ म्हणा, नाही म्हणू नका. पंगतीत रोटीही दोन्ही हातांत घ्यायची. न्यायचंच असेल तर दूध, कणीक किंवा डाळ न्या. आणि तुम्हाला पोळ्या लाटता येत असतील तर जेवायच्या वेळेला जाण्याऐवजी सकाळी आठलाच जा. त्या दिवशी लाटणारे हात कमी पडतात.