खुर्ची दिली तरी बसू नकोस

पोरी,

चौकशी अहवालात ठपका आला त्याच पोलीस ठाण्यातून फोन आला, ‘सुधारणांवर देखरेख ठेवायला आमच्या समितीत या.’ जाऊ का, म्हणून विचारतेस. नको जाऊ. ज्यांच्यावर नजर ठेवायची त्यांच्याच सहीने तुझी नेमणूक?

आत गेल्याशिवाय कळणार कसं, म्हणतेस. अगो, वकिली शिकलीस ना? सैनी खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाच, डिसेंबर २०२०. ठाण्याची सगळी दारं, लॉकअप, व्हरांडे सीसीटीव्हीखाली हवेत. चित्रण १८ महिने, ते जमत नसेल तर निदान वर्षभर ठेवायचं. त्यावर देखरेखीला जिल्हा समिती. तिची इतिवृत्तं माग. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लाव आणि ओरोसला, जिल्ह्याच्या मुख्यालयात, माहिती अधिकाराचा अर्ज दे. कॅमेरा बंद पडल्याची नोंद कधी झाली, दुरुस्त कोणी केला, हेही विचार. ‘पावसात वीज नव्हती’ हे उत्तर येणारच. जिथे वीजच नाही तिथे सौर किंवा पवनऊर्जेवर सोय करा, असं त्याच निकालात आहे, ते दाखव.

आणि ठपका आलेल्या पोलिसांची बदली झाली म्हणून पेढे वाटू नकोस. बदली ही शिक्षा नसते. विभागीय चौकशी सुरू झाली का, आरोपपत्र कधी बजावलं, ते लेखी घे.

पण बाहेर राहून. प्रकाश सिंह निकालात, २००६ साली, न्यायालयाने पोलीस तक्रार प्राधिकरण वेगळं काढायला सांगितलं ते याचसाठी. आपल्या राज्याने त्यासाठी कायदा बदलला २०१४ मध्ये. आठ वर्षं! तेवढ्या काळात समित्या मात्र भरपूर झाल्या.

माझे शाळेतले मित्र पोलिसांच्या शांतता समितीत गेले. माणसं चांगलीच. पण शिमग्याच्या बैठकीत साहेबांच्या शेजारी बसल्यावर लॉकअपचा विषय कोण काढणार? ज्याच्या होडीत बसलो तिच्या तळाला भोक आहे, हे मोठ्याने म्हणवत नाही. मी गेलो नाही, आडमुठो ठरलो. एकाच्या मुलीच्या लग्नाचं बोलावणं आलं नाही, ते अजून टोचतं. असो. माझ्या अर्जांना उत्तरं आली, त्यांना चहा मिळाला. गर्वाने बोलतोय असं वाटेल, वाटू दे.

नकार फोनवर कळवू नकोस, लेखी दे. त्याच कागदावर अहवालातल्या एकेका शिफारशीचं काय झालं ते विचार. मसुदा रविवारी घेऊन ये, मी बघतो. आवकच्या खिडकीवर पोच घे, शिक्का पुसट उठला तर पुन्हा मारायला लाव.

– काका