वछेरीच्या पाठीवर केव्हा बसावे?

तुम्ही लिहिले आहे की माळेगावच्या (जि. नांदेड) खंडोबाच्या यात्रेतून यंदा आणलेली तुमची मारवाडी वछेरी, म्हणजे कोवळी घोडी, दोन वर्षांची आहे, उंचीने भरली आहे, तुमचे वजन 78 किलो आहे आणि गावातील जाणती माणसे ‘आत्ताच बसा, नाहीतर तिच्या अंगात मस्ती शिरेल, उन्हाळ्यात वरातीला लावली की पैसेही सुटतील’ असे सांगत आहेत. माझे उत्तर असे आहे की तिला शिकवायला आजच सुरुवात करावी, पाठीवर माणूस मात्र तिला तीन वर्षे पूर्ण झाल्याखेरीज बसवू नये, आणि तेव्हाही तो माणूस तुम्ही नसावा. वरातीचे काम ती चार वर्षांची होईपर्यंत डोक्यातून काढून टाकावे.

सर्वांत आधी तिचे वय खरोखर किती आहे ते पाहा, कारण यात्रेत सांगितलेले वय हे विकणाऱ्याच्या सोयीचे असते. बैल घेताना आपण आदत (सगळे दुधाचे दात असलेला) आहे की दोन दाती हे तोंड उघडून पाहतो, तोच प्रकार घोड्यालाही लागू आहे. दुधाचे दात लहान, पांढरेशुभ्र आणि हिरडीपाशी निमुळते असतात. पक्का दात रुंद, पिवळसर आणि उभ्या रेघांचा असतो. समोरच्या दातांची मधली जोडी साधारण अडीच वर्षांच्या सुमारास बदलते, तिच्या शेजारची जोडी साडेतीन वर्षांच्या आणि कडेची जोडी साडेचार वर्षांच्या सुमारास बदलते, आणि पाचव्या वर्षी तोंड जुळते, म्हणजे समोरचे सगळे दात पक्के होतात. तुम्ही सांगता त्याप्रमाणे तिचे समोरचे सगळे दात अजून छोटे आणि पांढरे असतील, तर ती अडीच वर्षांच्या आतली आहे, मग विकणाऱ्याने काहीही सांगितलेले असो. मधली नवी जोडी वर आणि खाली पूर्ण उगवून एकमेकींना टेकली की तीन वर्षे झाली असे धरण्यास हरकत नाही. मी स्वतः कॅलेंडरपेक्षा या टेकलेल्या दातांवर अधिक विश्वास ठेवतो.

उंचीवर मात्र विश्वास ठेवू नका, कारण बहुतेक लोक येथेच फसतात. घोड्याची जवळजवळ सगळी उंची दोन वर्षांतच होऊन जाते, त्यामुळे वछेरी दिसायला घोडी दिसते. पण हाडांच्या टोकांशी असलेल्या, जेथून हाड लांबीने वाढते त्या कूर्चेच्या पट्ट्या तेव्हा सगळ्या भरून आलेल्या नसतात. ढोबळमानाने या पट्ट्या खुराकडून वर भरत जातात. खुरालगतची हाडे पहिल्या वर्षभरात पक्की होतात, पुढच्या गुडघ्याच्या वरची पट्टी दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान मिटते, खांदा आणि कंबर त्यानंतर येतात, आणि पाठीच्या कण्याचे मणके सर्वांत शेवटी, पाच वर्षांच्याही पुढे, पक्के होतात. ज्या जागी आपण बसतो तीच जागा सर्वांत उशिरा तयार होते, एवढे लक्षात ठेवले तरी घाई करण्याचा मोह पुष्कळ कमी होतो. वछेरीला सपाट जागेवर उभी करून बाजूने पाहिल्यावर तिचा पुट्ठा खांद्यापेक्षा उंच दिसत असेल, तर ती अजून वाढते आहे. शंकाच असेल तर परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. पुढच्या गुडघ्याचा एक्स-रे काढून पट्टी मिटली की नाही हे पशुवैद्यकाला सांगता येते.

हे मी इतके आग्रहाने लिहितो याला आमच्या घरचेच कारण आहे. आमचे गाव दुधना नदीच्या काठचे. वडिलांनी 1994 साली त्याच यात्रेतून एक अबलख वछेरा आणला होता. विकणाऱ्याने तीन वर्षांचा सांगितला, आम्ही तोंड पाहिले नाही, आणि त्याच वैशाखात त्याला वरातीला लावले. तापलेला डांबरी रस्ता, पाठीवर नवरदेव आणि त्याच्यापुढे एखादे लहान मूल, दोन-दोन तास ताटकळत उभे राहणे, मध्येच वाजंत्र्यांच्या पुढे नाचवणे; एका महिन्यात त्याने अशा पंधरा-सोळा वराती केल्या. आषाढात एके सकाळी खरारा करताना मी त्याच्या पुढच्या डाव्या पायावरून हात खाली नेला, तेव्हा गुडघ्याच्या खाली, नळीच्या आतल्या बाजूला, सुपारीएवढी गाठ हाताला लागली. ती गरम होती. बोटाने थोडे दाबताच त्याने पाय उचलला आणि तो तसाच अधांतरी धरून माझ्याकडे मान वळवून उभा राहिला. डॉक्टरांनी सांगितले की कोवळ्या वयात भार आणि कठीण जमीन यांमुळे नळीचे हाड आणि त्याच्या बाजूचे बारीक हाड यांच्यामध्ये सूज येऊन तेथे हाड धरते, आणि पाहिजे ती विश्रांती मिळाली तर दुखणे थांबते. गाठ राहिली, दुखणे थांबले, पण पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा तेच केले. सातव्या वर्षी त्याची पाठ बसलेली होती आणि खोगीर दिसले की तो कान मागे टाकत असे. तो नंतर बरीच वर्षे आमच्या दावणीला होता, पण ज्या वयात घोडा खरा भरात येतो त्या वयात तो कामातून गेला होता, आणि तो दोष पूर्णपणे आमचा होता.

आता वजनाचा हिशेब. वयाइतकाच तोही महत्त्वाचा आहे आणि टेपने घरीच करता येतो. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुट्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि 11,880 ने भागा. येणारा आकडा हा वजनाचा किलोतील बराच चांगला अंदाज असतो. समजा घेर 158 आणि लांबी 142 आली, तर वजन सुमारे 298 किलो. पूर्ण वाढलेल्या, कसलेल्या घोड्यावर स्वार आणि खोगीर मिळून त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भार नसावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. वछेरीसाठी मी सहावा हिस्सा धरतो, म्हणजे येथे सुमारे 50 किलो. रिकिबी, तंग (पोटाखालून आवळायचा पट्टा) आणि खोगीर यांचे 8 किलो वजा केले तर 42 किलो उरतात. तुमचे 78 आणि खोगिराचे 8 असे 86 किलो पाचव्या हिश्श्यात बसवायचे म्हटले तरी घोडी 430 किलोची लागते, आणि आपल्याकडच्या पुष्कळ मारवाडी घोड्या तेथपर्यंत पोहोचत नाहीत. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांसाठी हलक्या अंगाचा, शांत हाताचा आणि बसायला मुरलेला माणूस शोधा. बारा वर्षांचे पोर हलके असते म्हणून त्याला बसवू नका. पहिल्यांदा बसणाऱ्याला घोड्यापेक्षा जास्त कळत असावे लागते.

मस्ती शिरेल ही भीती खरी आहे, पण ती न बसल्यामुळे शिरत नाही; बांधून ठेवल्यामुळे आणि नुसती चंदी चारल्यामुळे शिरते. आजपासून पुढचे वर्षभर करण्यासारखे पुष्कळ आहे. रोज मोरखी (तोंडाभोवती बांधायची दोरी) लावून तिला गावातून, बांधावरून, पुलावरून, ट्रॅक्टरच्या बाजूने हाताने चालवा. चारही पाय उचलून खुर साफ करू देणे, नालबंदासमोर स्थिर उभे राहणे, ‘हो’ म्हणताच थांबणे आणि हाताच्या नुसत्या दाबाने मागे सरकणे हे तिला बसण्याआधीच यायला हवे. उन्हाळा संपल्यावर पाठीवर दुमडलेले पोते, मग चारजामा (कापडी खोगीर), मग सैल तंग असे चढत जावे, आणि त्यानंतर मागून दोन लांब दोऱ्या धरून तिला पुढे चालवावे. वळणे आणि थांबणे ती पाठीवर कोणी नसताना शिकते. लांब दोरीवर गोल फिरवायचेच असेल, तर वर्तुळ मोठे ठेवा आणि पाच-दहा मिनिटांत थांबा, कारण लहान वर्तुळात आतल्या पायांच्या सांध्यांवर फार ताण येतो. आमच्याकडे चाबूकस्वार, म्हणजे घोडे शिकवणारे, वछेऱ्याला दमवण्यासाठी तास-तासभर गरगर फिरवतात. तसे कोणी करू लागला तर त्याच्या हातातून दोरी काढून घ्या.

लगामाच्या बाबतीत एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. अडीच ते चार वर्षांच्या दरम्यान समोरचे दातच नव्हे, तर पुढच्या दाढाही बदलत असतात, आणि काही घोड्यांना दाढेच्या पुढे एक छोटा बिनकामाचा दात असतो, त्यावर लगामाची कडी आपटते. वछेरी मान झटकते, तोंड उघडते, तेव्हा ती बहुधा हट्ट करत नसते, तिचे तोंड दुखत असते. म्हणून लगाम घालण्याआधी पशुवैद्यकाकडून तोंड तपासून घ्या, आणि कडियाळे, म्हणजे तोंडाला बोचणारा कडक लगाम, तर कधीच नको.

कोणीतरी तुम्हाला म्हणेल की मुंबईच्या रेसकोर्सवर दोन वर्षांचे घोडे धावतात. धावतात, आणि कोवळ्या हाडाला मोकळ्या पळण्याने बळकटी येते हेही खरे आहे. जन्मभर तबेल्यात कोंडलेल्या घोड्याचे हाड कच्चेच राहते. पण त्या घोड्यांवर पन्नास-साठ किलोचा जॉकी बसतो, खालची धावपट्टी निगा राखलेली असते, धाव एक-दोन मिनिटांची असते, आणि इतके असूनही अनेक घोडे पायांच्या दुखण्याने लवकर बाद होतात. त्यातून आपण घ्यायचे ते एवढेच की वछेरीला रोज काही तास मोकळी सोडा, तिची ती पळू द्या. आपली काळी जमीन चैत्र-वैशाखात दगडासारखी होते आणि भेगाळते, तेव्हा सकाळी लवकर वखरलेल्या रानात सोडणे बरे. नदीच्या खोल वाळूत मात्र पळवू नका, पायाच्या नसा (कंडरा) ताणल्या जातात.

चाऱ्याबद्दल थोडक्यात: कडबा आणि हरभरा ठीक आहे, पण गव्हाचा कोंडा भरमसाट घालू नका. त्यात स्फुरद फार आणि कॅल्शियम अगदी कमी असते, आणि वाढत्या हाडाला नेमके उलटे हवे असते. जोडीला लसूणघास द्या.

तिची मधली जोडी टेकली की, म्हणजे बहुधा पुढच्या मार्गशीर्ष-पौषात, हवा थंड आणि जमीन थोडी मऊ असताना, त्या हलक्या माणसाला पहिल्यांदा पाठीवर नुसते आडवे टेकू द्या, काही दिवसांनी बसू द्या. सुरुवातीला पाच मिनिटे, सरळ रेषेत, फक्त चालीने. आठवड्यातून तीन-चार दिवस. दोन महिन्यांत वीस मिनिटांपर्यंत. मग फाल्गुनात खोगीर उतरवून तिला पावसाळ्यापर्यंत मोकळी ठेवा. चौथ्या वर्षी दुडकी आणि लांबची रपेट सुरू करता येईल. पूर्ण वाढ झाल्यावर टेप पुन्हा लावा आणि तुमचे वजन तिच्या पाचव्या हिश्श्यात बसते की नाही हे तेव्हाच ठरवा.

या उन्हाळ्यात वरातीला न्यायचीच असेल, तर पाठ रिकामी ठेवून, एखाद्या जुन्या, शांत घोडीच्या मागे हाताने धरून न्या. हलगी, बँड आणि फटाके तिला दुरून ऐकू द्या, कान टवकारून ती थांबली तर तुम्हीही थांबा, आणि अर्ध्या तासात घरी आणून पाणी पाजा.