मामांची पेटी उघडताना

प्रश्न: माझे मामा नुकतेच गेले. डोंगर, नद्या, सायकलवरचे लांबचे प्रवास यांतच त्यांचं आयुष्य गेलं. मला ते मामा कमी आणि मित्र जास्त होते. मागे एक पत्र्याची पेटी आहे : दोनेकशे स्लाइड (चौकटीत बसवलेल्या पारदर्शक फोटो-फिल्म), 11 कॅसेट, डायऱ्या आणि चढाईचा जुना रोप. त्यांच्या आठवणींची पुस्तिका करायची आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर: पेटीपासून नको, माणसांपासून करा. कोरड्या जागी ठेवलेल्या स्लाइड आणखी काही वर्षं थांबतील. मामांबरोबर एकाच रोपला बांधलेले सोबती आता त्यांच्याच वयाचे असणार, आणि फोटोतला तिसरा माणूस कोण, हे त्यांच्याशिवाय कुणीही सांगू शकणार नाही.

‘मामांबद्दल चार ओळी लिहून द्या’ असं त्यांना सांगू नका. त्यातून ‘दिलदार, हसतमुख’ एवढंच हाती येतं. एक फोटो समोर ठेवा आणि विचारा : हा कुणी काढला? याच्या तासभर आधी काय चाललं होतं? ओझं कुणाकडे होतं? मामा परत कुठून फिरले? हा शेवटचा प्रश्न चुकवू नका. धाडसी माणसाच्या आठवणी सांगताना लोक शिखरं सांगतात आणि माघारी गाळतात. कुठे थांबायचं हे त्याला कसं कळत होतं, ते मात्र माघारीतच दिसतं.

रेकॉर्डिंगला साधा मोबाईल चालतो. तो विमान मोडवर टाका, घडी केलेल्या रुमालावर बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा, पंखा बंद करा. पाऊण तासापलीकडे बसवू नका, नाहीतर थकलेला माणूस गोष्टी आटोपत्या घेतो. एकच प्रसंग दोघांनी वेगवेगळा सांगितला, तर दोन्ही त्यांच्या नावांनिशी छापा.

मग पेटी. काहीही हलवण्याआधी प्रत्येक थराचा फोटो काढा, कारण मामांनी लावलेला क्रम हीसुद्धा माहितीच आहे. डबीला अक्षर आणि स्लाइडला आकडा द्या, उदाहरणार्थ ‘क-07’. काही स्लाइडच्या पुठ्ठ्यावर महिना आणि वर्ष छापलेलं असतं. ती तारीख रोल धुतल्याची, फोटो काढल्याची नव्हे. अर्धा राहिलेला रोल कॅमेऱ्यात महिनोन्‌महिने पडून राहायचा, म्हणून डायरीशी ताडून पाहा.

एखाद्या डबीला व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ती लगेच वेगळी काढा आणि तीच आधी स्कॅन करा. म्हणजे फिल्मचा ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकचा पाया कुजतोय, आणि सुटणारं आम्ल शेजारच्या फिल्मलाही बाधतं. धूळ रबरी फुग्याच्या हवेने उडवा; पाणी किंवा ओला कापूस लावू नका. 35 मिमी स्लाइड इंचाला 4000 बिंदूंनी स्कॅन केली की साधारण 5600 × 3700 पिक्सेल मिळतात. पुस्तिकेच्या पूर्ण पानाला ते भरपूर झाले. मूळ प्रत टिफ फाइलमध्ये (तपशील न घटवणाऱ्या) ठेवा, पाठवायला लहान जेपीईजी. चौकटीवर ‘कोडाक्रोम’ लिहिलेलं असेल तर स्कॅनरची आपोआप धूळ काढणारी इन्फ्रारेड सोय बंद ठेवा. या फिल्मवर ती अनेकदा चकते आणि कड्यांच्या कडा खाऊन टाकते.

कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे कान आधी मोडा, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्ड होणार नाही. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा. वर्षानुवर्षं चिकटून बसलेले वेढे सुटतात. आवाज दबका आला तर टेप दाबून धरणारी आतली फेल्टची गादी गळून पडली असण्याची शक्यता मोठी. स्क्रूने उघडणारी दुसरी कॅसेट घेऊन टेपच्या दोन्ही चकत्या तिच्यात बसवा. कॅसेट वाजवून संगणकावर उतरवायची, तर साठ मिनिटांच्या कॅसेटला पूर्ण एक तास लागतोच, घाई करता येत नाही. आवाजाची वेव्ह फाइल मिनिटाला साधारण 10 एमबी होते, म्हणजे एका कॅसेटला 600. सगळ्याच्या तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या घरी.

प्रश्न: डायरीत सोबत्यांबद्दल कडवट नोंदी आहेत. छापाव्यात का?

उत्तर: हयात माणसाला आधी ते पान दाखवा, मग ठरवा. वगळलंत तर तिथे तीन टिंबं द्या, वाक्य मात्र गोड करू नका. मूळ पान फाडू नका.

प्रश्न: त्यांचाच रोप घेऊन त्यांच्या आवडत्या सुळक्यावर चढलो तर?

उत्तर: नको. नायलॉन न वापरताही जुनं होतं. उत्पादक साधारणपणे कपाटात पडून राहिलेल्या रोपलाही दहा वर्षांची मर्यादा घालतात. ऊन आणि ॲसिडने झालेली इजा अनेकदा वरून दिसत नाही. रोप अखंडही ठेवू नका, पुढे कुणीतरी तो बेधडक वापरेल. हातभर लांबीवर 3 सेंटिमीटर चिकटपट्टी गुंडाळा, तिच्या मधोमध कापा आणि मोकळ्या हवेत टोकं ज्योतीवर धरा, म्हणजे आतले धागे आणि वरचं वेष्टन एकत्र वितळून बसतं. वितळलेल्या टोकाला लगेच बोट लावू नका, ते कातडीला चिकटतं. एकेक तुकडा मामांच्या सोबत्यांना पुस्तिकेबरोबर द्या.