आजीचं खुब्याचं हाड मोडलंय, छोट्या छेदातून ऑपरेशन होतं का?

होतं, पण हाड नेमकं कुठे मोडलंय त्यावर ते ठरतं. ७८ वर्षांची आजी शेवाळलेल्या पाखाडीवर घसरली आणि डॉक्टर 'रॉड टाकू' म्हणाले, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे बहुधा मांडीच्या हाडाच्या मानेखाली (मान म्हणजे खुब्याच्या गोळ्याखालचा निमुळता भाग), ट्रोकँटर नावाच्या उंचवट्यापाशी मोडलंय. तिथे पाय ताणून हाड जुळवतात, मग सी-आर्मच्या (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर बघत बघत 3-4 सेंटिमीटरच्या छेदातून मांडीच्या हाडाच्या पोकळीत रॉड सरकवतात आणि एक जाड स्क्रू खुब्याच्या गोळ्यात नेऊन बसवतात. टाके मोजकेच. हाडाची मानच मोडून सरकली असेल, तर मात्र या वयात बहुतेकदा गोळाच बदलतात. त्याला छेद मोठा लागतो.

खरं सांगू? छेद केवढा, यापेक्षा ऑपरेशन किती लवकर हे जास्त महत्त्वाचं. शक्यतो ४८ तासांच्या आत. हाडवैद्याकडे मालिशीला तर अजिबात नेऊ नका. म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की बेडसोर, न्यूमोनिया, पायात गुठळ्या, सगळं मागे लागतं. रत्नागिरी असो, कुडाळ असो की गोव्यातलं बांबोळी, सी-आर्म आणि भूलतज्ज्ञ जिथे लगेच मिळतील तिथे न्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा. घरी सोडताना ठिसूळ हाडांचं औषध मागून घ्या, ते हमखास राहून जातं.