कॅस्केड, मॅग्नम की सिट्रा?

प्रश्न : मी सिएटलला राहतो. घरी २० लिटर पेल एल (फिकट रंगाची बिअर) केली. कॅस्केड जातीचे ६० ग्रॅम हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वाळवलेली फुलं) उकळी फुटताच टाकले आणि तासभर उकळले. बिअर कडू झाली, पण ग्रेपफ्रूटचा वास औषधालाही नाही. आता त्याऐवजी सिट्रा जातीचे घेऊ का?

उत्तर : सिट्राही पहिल्याच उकळीला टाकलात तर त्याचाही वास उडून जाईल. कडवटपणा येतो आल्फा आम्लांतून, आणि त्यांना उकळायला वेळ लागतो. वास असतो तेलांत, ती वाफेबरोबर निघून जातात. कोथिंबीर आपण आमटी उतरवतानाच घालतो, तसंच हे.

कडवटपणासाठी मॅग्नम घ्या. त्यात आल्फा १२ ते १४ टक्के असतं आणि चव स्वच्छ असते. कॅस्केडमध्ये ते साधारण ५ ते ७ टक्केच; म्हणजे तेवढ्याच कडवटपणासाठी दुप्पट हॉप्स लागतात, वर पातेल्याच्या तळाशी हिरवा गाळ साचून बिअर वाया जाते ती वेगळीच. तुमचे ६० ग्रॅम ५.५ टक्के आल्फाचे धरले, तर एकट्या त्यांचाच कडवटपणा ३८ आयबीयूच्या (कडवटपणा मोजायचं एकक) आसपास गेला. पेल एलला ३० पुरे.

पुढच्या वेळी असं करा : मॅग्नम १५ ग्रॅम, ६० मिनिटं. कॅस्केड ३० ग्रॅम, शेवटची ५ मिनिटं. आच बंद करून वॉर्ट (आंबवण्याआधीचं उकळलेलं गोड पाणी) ८० अंश सेल्सिअसपर्यंत उतरू द्या, मग आणखी ३० ग्रॅम घालून २० मिनिटं झाकून ठेवा. आंबणं संपत आलं की ४० ग्रॅम हॉप्स न उकळता थेट बिअरमध्ये (ड्राय हॉपिंग), तीन दिवस. आठवडाभर ठेवले तर गवताची चव उतरू शकते. या दिवसांत झाकण उघडून डोकावू नका. हवा लागली की आधी वास मरतो, मग रंग काळवंडतो.

कॅस्केडऐवजी सेंटेनिअल चालेल, वास त्याच घराण्यातला. पण आल्फा ९ ते १२ टक्के, म्हणून उकळीत पडणारं वजन जवळजवळ निम्मं करा. पाकिटावर छापलेला आकडाच हिशेबात धरा, तो दर हंगामाला बदलतो.

प्रश्न : फोडून ठेवलेल्या पाकिटातल्या हॉप्सना जुन्या चीजसारखा वास येतोय. वापरू का?

उत्तर : नको, टाकून द्या. हवेने आल्फा आम्लं मोडून आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार झालंय. नवं पाकीट घेताना काढणीचं वर्ष बघा. उरलेले हॉप्स हवा काढून फ्रीझरमध्ये ठेवा.